राखेचा विस्तव

खडकओढ्याच्या वेशीबाहेर, जुन्या धर्मशाळेत वाकळे महाराजांची धुनी असे. तिथे रोज डोके टेकवणाऱ्यांत सबनीस वकीलही होते. "शिकलेला माणूस आणि राखेच्या नादी!" म्हणून नथूशेठ सावकार त्यांना हसे.

याच नथूशेठने ठकूबाई लोहारणीवर दावा लावला. कर्ज नवऱ्याचे, आणि नवरा देवाघरी गेलेला. जप्त करण्याजोगी घरात एक ऐरण तेवढी होती. खरे तर सबनीस शेठचेच वकील. पण ठकूबाईचे घर पाहून आले आणि त्यांनी शेठचे कागद परत केले. एक पैसा न घेता ते तिच्या बाजूने उभे राहिले.

"कारागिराचे हत्यार जप्त होत नाही," ते कोर्टात म्हणाले.

"लोहार मेला, आता ते नुसतं लोखंड," शेठ उसळला. "बाई काय घण मारणार?"

न्यायाधीशांनी ठरवले, बेलिफासमोर बाईने नांगराचा फाळ घडवून दाखवावा. नाही जमले तर ऐरण शेठची.

शेठ काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याच्या धाकाने गावात ठकूबाईला कोणी कोळसा देईना. ठरल्या दिवशी भट्टी रिकामी! ऐरण गेली तर या बाईने खायचे काय, या विचाराने सबनीसांचा जीव तुटला. ते धर्मशाळेकडे धावले. महाराजांनी धुनीतली थंड राख त्यांच्या उपरण्यात ओतली.

महाराज म्हणाले, "वकिली नुसती तोंडानं का करतोस? जा, भाता ओढ."

सबनीसांनी राख भट्टीत टाकली आणि काळ्या कोटानिशी ते चारचौघांत भात्याशी बसले. नथूशेठ पोट धरून हसला.

"वकीलसाहेब, राख फुंकताय?"

"फुंकतो. तुम्ही बसून बघा."

हाताला फोड आले, तरी ते थांबले नाहीत. आणि काय सांगावे, त्या राखेत ठिणगी दिसली, पाहता पाहता भट्टी रसरसली! ठकूबाईने पदर खोचून घण उचलला. फाळ घडला, बेलिफाने तसे लिहून घेतले.

शेठचे तोंड उतरले. त्याने धर्मशाळेत जाऊन महाराजांचे पाय धरले, तर महाराजांनी पाय मागे घेतले.

"राख तेवढी माझी," महाराज म्हणाले. "भाता त्याने ओढला, घाव तिने घातले. तिथं जा."

नथूशेठ परत आला. वकिलांना हात जोडून, पागोटे काढून तो ऐरणीपुढे वाकला.

ठकूबाई म्हणाली, "कर्ज मी फेडीन, शेठ. पन डोकं जपून टेका, ऐरण अजून तापलीया."