घारीचं मत

रानात माणसाची पायवाट पडायच्या आधीची गोष्ट. पाठीवर बसवून नदीपार नेणारी कासवांची फेरी तेव्हा सगळ्या रानाची होती. मग गोड बोलून कासवं कोल्ह्यानं ताब्यात घेतली आणि काठ बगळ्यानं. फेरी चुकली की कोल्हा बगळ्याचं नाव सांगे, बगळा कोल्ह्याचं. आणि ससे, हरणं काठावर ताटकळत.

शेवटी म्हाताऱ्या साळिंदरबाईनं सभा बोलावली. "फेरी पुन्हा सगळ्यांची व्हावी असं ज्याला वाटतं, त्यानं पुढे यावं."

सगळ्यांत आधी घार खाली उतरली.

कोल्हा हसला. "तुला तर पंख आहेत! तू कधी कासवावर बसलीस?"

"कधीच नाही. पण माझं घरटं ज्या आंब्यावर आहे, त्याची कोय वानराच्या पणजीनं याच फेरीतून आणली होती."

सगळं रान घारीमागे येऊन उभं राहिलं. कासवं तर सगळ्यांना पलीकडे न्यायला केव्हाच पाण्यात उतरली होती.