चौथऱ्यावर न मागितलेले आठ दिवस

आपल्या पणजोबांचे पणजोबाही जन्माला यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनो, पुढे सरकून बसा. मोठ्यांनो, तुम्ही मागे बसलात तरी चालेल, पण कान इकडे असू द्या, कारण खरं सांगायचं तर ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या वर मोठं तळं आणि तळ्याला मातीचा उंच बांध. त्या पाण्यावर शेतं पिकत, गुरं जगत, विहिरी भरलेल्या राहत. तळं नसतं तर तिथे गावच वसलं नसतं. म्हणून तळ्याला एक राखणदार असे. त्याला राजा नेमत नसे, गाव निवडत असे, दर तीन वर्षांनी, उन्हाळा निम्मा सरल्यावर.

निवडीची रीत अशी. उभे राहणारे एकेक करून चौथऱ्यावर चढत. राखणदार झालो तर काय करीन आणि त्यासाठी गावाकडून काय मागीन, ते सांगत. खाली दोन म्हातारे नुसतं ऐकायला बसवलेले असत. त्यांनी शब्द न् शब्द लक्षात ठेवायचा. मग प्रत्येकाच्या नावाचं एक मडकं मांडत आणि गावातलं प्रत्येक जाणतं माणूस आपला एक चिंचोका हव्या त्या मडक्यात टाकी. निवडून आलेल्यानं चौथऱ्यावरून जे मागितलं असेल ते गावानं निमूट द्यायचं. जे मागितलं नसेल, त्यातलं मातीचं ढेकूळसुद्धा द्यायचं नाही. पूर्वी कुणा एका राखणदारानं निवडून आल्यावर अख्ख्या गावाला स्वतःचं घर बांधायला जुंपलं होतं म्हणे, तेव्हापासून हा नियम. नियम काही वाईट नव्हता.

ही मडकी घडवायची ठकूबाई कुंभारीण. तिचं घर बांधाच्या अगदी पायथ्याशी, कारण चांगली चिकण माती तिथेच मिळे. घरात ती आणि तिचा नवरा. पाच वर्षांपूर्वी त्याचे पाय गेले होते. खाटेवर बसून तो मडक्यांना घोटून चकाकी आणी, पण उठून दारापर्यंत जाणं काही त्याला जमत नसे.

त्या वर्षी निवडीला महिना उरला असताना ठकूबाई माती खणायला गेली आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिला ओल दिसली. ऐन उन्हाळ्यात, जिथे माती भेगाळायची तिथे ओल. तिनं हात लावून पाहिला. मग ओल संपते तिथे एक खापरी रोवली. दुसऱ्या दिवशी ओल खापरीच्या पुढे गेलेली. तिनं दुसरी खापरी रोवली. आठवड्यात सात खापऱ्या झाल्या आणि बाईची झोप उडाली. चाक फिरवताना मध्येच ती उठे, बांधाकडे बघून येई, परत बसे. नवरा विचारी, काय गं? ती म्हणे, काही नाही. पळायची वेळ आली तर ह्या माणसाला मी एकटी कशी उचलू, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राही.

ती राखणदाराकडे गेली. त्याचं नाव फुलाजी. माणूस देखणा, फेटा टोकदार, बोलणं मधात बुडवलेलं. बांधावरची जुनी झाडं तोडून त्यानं तिथे फिरायला सपाट वाट केली होती आणि गाव त्या वाटेवर बेहद्द खूश होतं. त्यानं ठकूबाईला बसायला पाट दिला, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की ओल आहे म्हणजे तळ्यात पाणी आहे, आणि पाणी आहे म्हणजे आनंद आहे. आता ह्यावर काय बोलणार? ठकूबाई पाणी पिऊन घरी आली.

मग तिनं हैबतीला गाठलं. हैबती विहिरी खणायचा, बांध घालायचा. हात मातीतले आणि डोकंही मातीतलंच, म्हणजे चांगल्या अर्थानं म्हणतोय मी. त्यानं ओलीच्या जागी वेताची काठी खुपसली. ती हातभर सरळ आत गेली. हैबतीचा चेहरा उतरला. फुलाजीनं तोडलेल्या झाडांची मुळं आत कुजली होती आणि त्यांच्या जागी पोकळी झाली होती. त्यानं तिला समजावून सांगितलं. आत्ता तळ्यात पाणी कमी आहे तोवर बांध उकरायचा, पोकळीत चिकण माती भरायची, धुमसाच्या जड ठोकळ्यानं ठोकून घट्ट करायची. घरटी एक माणूस आणि आठ दिवस, एवढंच काम. पण पावसाळ्यात तळं भरलं तर, असं म्हणून तो थांबला आणि ठकूबाईच्या घराकडे बघत राहिला.

म्हणजे हैबती राखणदार व्हायला हवा होता. पण इथेच तर सगळी पंचाईत. मागच्या खेपेला तो उभा राहिला होता. चौथऱ्यावर चढून त्यानं बांधाची उंची हातांत, रुंदी वितींत आणि गाळ बोटांत सांगायला सुरुवात केली. खाली पाहत, पुटपुटत, दिवस कलेपर्यंत. लोक जांभया देऊन थकले. ऐकायला बसवलेला एक म्हातारा झोपेत कलंडला. हैबतीच्या मडक्यात अकरा चिंचोके निघाले, त्यातले दोन ठकूबाईच्या घरचे.

ठकूबाई त्याला म्हणाली, "हैबती, तुझं सगळं खरं आहे रे. पण खरं ऐकायला माणूस आधी जाग्यावर बसायला हवा. त्याला बसव. मग सांग."

सल्ला लाख मोलाचा होता. इथवर ठकूबाईचं काहीही चुकलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

हैबतीनं ऐकलं. त्यानं दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलं, वर बघून बोलायला शिकला. ठकूबाईच्या अंगणात रोज त्याची तालीम चाले. एकदा बोलता बोलता त्यानं तळ्यावरचं एक जुनं गाणं गुणगुणलं आणि दोघी-तिघी वाटसरू बाया थबकल्याच. ह्या मातकट माणसाला असा गळा असेल असं कुणाला वाटलं होतं? मग हलगीवाला आला. गाण्याला नवी कडवी जोडली. बांधावर दिव्यांची रांग लावायची, घाटाला पायऱ्या करायच्या, असली गोड स्वप्नं त्यात गुंफली. अंगणात गर्दी वाढायला लागली.

आणि जसजशी गर्दी वाढली, तसतशी ठकूबाईची धास्ती वाढली. हे लोक आत्ता माना डोलवतायत, पण आठ दिवसांची मेहनत मागितली की? मळणी सोडून उन्हात माती वाहायची म्हटलं की? उठून सरळ फुलाजीकडे जातील. तिकडे खापऱ्या एकोणीस झाल्या होत्या. निवडीच्या आदल्या सकाळी तिनं हैबतीला बाजूला घेतलं आणि आठ दिवसांची गोष्ट चौथऱ्यावर काढूच नको म्हणून सांगितलं.

"मावशी, मागितलं नाही तर नियमानं मिळणार नाही," हैबती म्हणाला.

"आधी निवडून ये. तळं फुटतंय म्हटल्यावर नियम धरून कोण बसेल? हातात राखणदारी आली की माग."

हैबतीला पटलं नाही. पण अकरा चिंचोक्यांची लाज त्याच्या मनातून गेली नव्हती, आणि ठकूबाईच्या डोळ्यांतली भीती त्याला बघवत नव्हती. तो परत तालमीला लागला.

निवडीचा दिवस उजाडला. फुलाजी नेहमीसारखा छान बोलला. मग हैबती चढला. हलगी कडाडली, त्यानं गाणं म्हटलं आणि सगळं गाव त्याच्याबरोबर गाऊ लागलं. गाणं संपलं तेव्हा शेवटच्या रांगेतली माणसंसुद्धा पुढे वाकून बघत होती. कुणी खोकत नव्हतं, कुणी जांभई देत नव्हतं. आता हा काय सांगतो म्हणून अख्खं गाव थांबलं होतं.

अहो, हीच ती वेळ. ज्याच्यासाठी दाढी केली, गाणं बसवलं, हलगी आणली, ती वेळ समोर चालून आली होती. हैबतीलाही ते कळलं. त्यानं श्वास घेतला. गर्दीत त्याची नजर ठकूबाईला शोधत आली. आता हा बोलतो आणि सगळं घालवतो, असं तिला वाटलं आणि तिनं घाईघाईनं मान हलवली. नको.

हैबतीनं श्वास सोडला. घरटी एक पळी तेल द्या, बांधावर दिव्यांची रांग लावू, एवढं मागून तो खाली उतरला.

त्याचं मडकं इतकं भरलं की चिंचोके काठावरून ओघळले. ठकूबाई त्या दिवशी पोटभर रडली, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतीनं गाव जमवलं आणि पोकळीची गोष्ट सांगितली. आठ दिवस मागितले. लोक गोंधळले. त्यांनी दोन म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी डोळे मिटून हैबतीचं सगळं बोलणं गाण्यासकट म्हणून दाखवलं. त्यात दिवे होते, पायऱ्या होत्या, तेल होतं. पोकळी नव्हती, आठ दिवस नव्हते. लोकांनी दिलेला शब्द मात्र पाळला. संध्याकाळच्या आत प्रत्येक घरातून पळीभर तेल आलं. राखणदाराच्या दारात बुधल्यांची रांग लागली आणि हैबती त्या तेलाकडे बघत कपाळाला हात लावून बसला.

ठकूबाई घरोघर फिरली. पदर पसरला, हातापाया पडली, खापऱ्या बघायला चला म्हणाली. काही जण येऊन बघूनही गेले. पण जो तो हेच म्हणे की एवढं मोठं संकट असतं तर हैबती चौथऱ्यावरून बोलला नसता का? आत्ता निवडून आल्यावरच बरी ह्याला पोकळी दिसली. पूर्वीच्या त्या राखणदाराच्या घराची आठवण काहींनी मुद्दाम काढली. फुलाजीनं काहीच केलं नाही, तो नुसता हसला. हैबतीला लोकांनी समजुतीनं सांगितलं की तीन वर्षांनी पुन्हा उभा राहा आणि तेव्हा माग.

सात माणसं आली. हैबती, ठकूबाई धरून नऊ. नवांनी जिवाचं रान केलं. बांध उकरायला घ्यायचा तर वेळेत परत भरून व्हायला हवा, नाहीतर उघडा राहून लवकरच जायचा. म्हणून भीत भीत थोडं उकरायचं, थोडं भरायचं. मृग लागला तेव्हा निम्मी पोकळी तशीच होती.

तळं भरत गेलं. ठकूबाईनं आता खापऱ्या रोवणं सोडलं होतं. ओल तिच्या अंगणापर्यंत आली होती आणि त्या ओलीला आता धार लागली होती. सात जणांनी पाळ्या लावून पहारा धरला. एका दुपारी धारेचं पाणी गढूळ झालं. हैबती ओरडला. चौघांनी कुंभाराला खाटेसकट उचललं आणि टेकाडावर नेलं. त्यांची पाठ वळली न वळली तोच बांध खचला.

माणूस एकही दगावलं नाही. ठकूबाईचं घर, चाक, भट्टी सगळं गेलं. खालची शेतं खरवडून निघाली. दिवस मावळायच्या आत तळं रिकामं झालं आणि तळाच्या चिखलात मासे तडफडत राहिले. पुढचा उन्हाळा काय घेऊन येणार, हे सांगायला कुणा जाणत्याची गरज नव्हती.

लोक टेकाडावर जमले. मग एक बाई पुढे आली. तिचं अख्खं शेत वाहून गेलं होतं आणि तिनं निवडीच्या दिवशी हैबतीच्याच मडक्यात चिंचोका टाकला होता.

तिनं विचारलं, "चौथऱ्यावर उभा होतास तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"होतं," हैबती म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस?"

ठकूबाईच पुढे झाली. "मी त्याला गप्प बसवलं. आठ दिवसांचं ऐकून तुम्ही उठून गेला असतात."

त्या बाईनं रिकाम्या तळ्याकडे पाहिलं, मग ठकूबाईकडे. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "गेलो असतो की नसतो, ते आम्हाला विचारून तर बघायचं होतंस. त्या दिवशी आम्ही सगळे ऐकायलाच बसलो होतो."

ठकूबाई नवऱ्याच्या खाटेशी खाली बसली. ती बाई खरं बोलत होती, हे ठकूबाईइतकं त्या टेकाडावर कुणालाच कळलेलं नव्हतं.

तेव्हा बाबांनो, बोध एवढाच: लोकांनी ऐकावं म्हणून बोलणं खुशाल सजवा, पण ते ऐकायला बसले की सांगायचं तेच गाळू नका, कारण जे सांगून मिळवलं नाही ते निवडून आल्यावरही मागता येत नाही.