चौकातला लांबलचक साप

सकाळी बरोबर सव्वासात वाजता सुतारपक्ष्यांनी चौकातल्या उंबराखालच्या ओंडक्यावर पहिली चोच मारली, आणि त्या नगराचं रोजचं येणं-जाणं तिथून बदललं.

नगराची रचनाच अशी होती, की राहायचं एका बाजूला आणि पोट भरायचं दुसऱ्या बाजूला. अलीकडे बिळं आणि कपारी, पलीकडे बाजार, मधे चौक. चौक ओलांडल्याशिवाय कुणाच्या तोंडात घास पडत नसे. त्यासाठी धोंडबा नावाचं एक म्हातारं कासव होतं. सकाळी ते ओंडक्याला लागून उभं राहायचं, मंडळी ओंडक्यावरून त्याच्या पाठीवर चढायची, आणि धोंडबा चालू लागायचा. मधे कुणी पाठीवर टकटक केलं की थांबायचा. उशीर व्हायचा, पण पोचायचे सगळे.

त्यात सुगंधा नावाची एक चिचुंद्री असायची. नाव तिच्या आईने मोठ्या हौसेने ठेवलेलं. ती चढली की बाकीचे नाकं मुरडून थोडे सरकून बसत, आणि त्यामुळे तिच्या चार पिल्लांना ऐसपैस जागा मिळे. चिचुंद्रीला दिसतं बेताचं. म्हणून त्यांच्यात रीत आहे, की पहिल्या पिल्लाने आईच्या शेपटीच्या बुडाशी दात रोवायचे, दुसऱ्याने पहिल्याच्या, आणि असं शेवटापर्यंत. आई मागे वळून बघत नाही. मागून ओढ लागली की ती समजते, सगळे आहेत. सुगंधाचं सगळ्यात धाकटं पिल्लू म्हणजे टिकली. तिचे दात अजून कोवळे होते. तिची ओढ इतकी बारीक यायची, की सुगंधा चालताना श्वाससुद्धा जपून घ्यायची.

नगराचा कारभार मोराकडे होता. मोर वाईट नव्हता. त्याला आपलं नगर देखणं असावं असं मनापासून वाटे. एक दिवस आपल्या बसायच्या उंच खांबावरून त्याने चौकाकडे बघितलं. ओंडक्यावर बेडूक बसलेला, खेकडीण बसलेली, चिचुंद्री पिल्लांची तोंडं पुसतेय. सगळे वाट बघत बसलेले. मोराला वाटलं, वाट बघणं फार गरीब दिसतं.

"चौक रुंद करायचा," तो म्हणाला. "गुळगुळीत करायचा. कुणी कुठे थांबायचं नाही."

मुकादम सरडा होता. त्याने मान हलवली. सरड्याची मान तशीही हलतच असते, त्यामुळे त्याला पटलं की नाही हे कुणालाच कळलं नाही.

ओंडका गेला. चौक असा घासला, की त्यात ढग दिसायला लागले. मग ससे आले. त्यांना थांबायचं कुठेच नव्हतं, त्यामुळे ते नुसते पळत होते, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. धोंडबा पहिल्या दिवशी नेहमीसारखा निघाला, तर मागून ससे ओरडले, "ए म्हाताऱ्या, हल की!" चौकाच्या मध्यावर त्याने पाय आणि मान आत ओढून घेतले, ते घेतलेच. दोन दिवसांनी सरड्याने त्याच्यावर झेंडूची कुंडी ठेवली. चौकात शोभेचा दगड छान दिसतो, असं ठरलं.

धोंडबा कुठे गेला, हे अलीकडच्यांना कळलंच नाही. सुगंधा पिल्लांना घेऊन भिंतीकडेने लांबून जाऊ लागली. पोचेपर्यंत बाजार उठलेला असायचा. पिल्लं रिकाम्या पोटी परत यायची. टिकलीच्या तोंडात जोर राहिना. सुगंधाला रात्री झोप येईना. चौक ओलांडावा तर पोर हातची जाईल, न ओलांडावा तर उपाशी जाईल. दोन्हीकडून तीच जाणार, असं तिच्या मनात घोळत राही.

शेवटी एका सकाळी तिने पिल्लांना रांगेत धरलं आणि म्हणाली, "दात घट्ट. काही झालं तरी सोडायचं नाही. टिकले, तुला सांगतेय."

ती निघाली. डावीकडून वारा आला, म्हणजे ससा गेला. उजवीकडून आला, म्हणजे दुसरा गेला. पाय घसरत होते. मध्यावर एक ससा अगदी शेपटीला घासून गेला, आणि सुगंधाच्या पाठीतून एकदम काहीतरी हलकं झालं.

बारीक ओढ नव्हती.

"टिकले!" ती ओरडली. तिला दिसत काहीच नव्हतं. उरलेल्या तिघांना पोटाशी घेऊन ती गुळगुळीत फरशीवर नाकाने चाचपडत फिरू लागली. अंगावरून ससे उड्या मारून जात होते. शोभेच्या दगडाजवळ तिला आपल्याच घरचा वास आला. ओळखीचा, सगळे ज्याला नाकं मुरडतात तो. टिकली दगडाखाली शिरून बसली होती.

"आई," टिकली म्हणाली, "हा दगड गरम आहे. आणि तो घोरतो."

"घोरत नाही, उसासे टाकतोय," दगडातून आवाज आला. "सुगंधे, तूच का गं?"

"धोंडबाकाका! अहो, तुम्ही इथे? आणि डोक्यावर हे काय?"

"झेंडू. रोज पाणी घालतात. एवढी सेवा जन्मात कुणी केली नव्हती."

सुगंधाला हसूही आलं आणि रडूही. तिने टिकलीला चाटून चाटून ओलं केलं. मग म्हणाली, "काका, मला पलीकडे न्या."

"पोरी, माझ्यावर चढणार कशी? ओंडका नाही. आणि ससे मला चालू देत नाहीत."

"चढत नाही. शेपूट द्या."

धोंडबा जरा लाजला. "आहे का, ते आधी बघ. मी बरीच वर्षं बघितलेलं नाही."

शेपूट होतं, बोटाच्या पेराएवढं. सुगंधाने ते दातांत धरलं. तिच्या मागे पिल्लं लागली. या वेळी तिने टिकलीला मधे घेतलं. धोंडबाने मान बाहेर काढली, कुंडी धाडकन पडली, आणि रांग हलली.

काठावर भिकाजी बेडूक कधीचा अडकून बसला होता. त्याने हे बघितलं आणि उड्या मारत येऊन शेवटच्या पिल्लाला हाताने धरलं. मागून खेकडीण आली. "भिकाजीराव, तुम्हाला शेपूट कुठंय? मी काय धरू?"

"मागचा पाय धरा. पण हळू. मागच्या वेळेचं आठवतंय मला."

"मी आडवी चालते, तेवढं सांभाळून घ्या."

त्याच वेळी एक ससा भरधाव आला, त्याने समोर बघितलं आणि चारी पायांवर घसरत थांबला. फरशीवरून काहीतरी लांब, काळपट, वळवळतं चाललं होतं.

"साप!" तो किंचाळला.

ससे जागच्या जागी थिजले. चौक रुंद झाल्यापासून पहिल्यांदाच तिथे शांतता झाली. रांगेतले काही बोलले नाहीत, कारण बहुतेकांच्या तोंडात शेपटी होती.

सरडा मान हलवत मोराकडे धावला. आता गंमत अशी, की मोराच्या घराण्याचा मोठा लौकिक होता. त्यांच्या पूर्वजांनी म्हणे सापांचा फडशा पाडलेला. या मोराने मात्र साप कधी बघितलेला नव्हता. पण सगळं नगर आपल्याकडे बघतंय म्हटल्यावर तो खांबावरून उडाला आणि चौकात उतरला. डोळे अर्धे मिटून त्याने सापाच्या सगळ्यात बारीक जागेवर चोच उगारली. ती जागा टिकलीची होती.

सुगंधाने तोंडातलं शेपूट सोडलं आणि मधे उडी घेतली.

"अहो साहेब! हे माझं लेकरू आहे!"

मोर दचकून मागे सरकला. "हा... हा वास कसला?"

"माझा. पिढीजात आहे." ती बाजूला झाली नाही. "हा साप नाही. ही मी, ही माझी चौघं, मागे भिकाजीराव, त्यांच्यामागे खेकडीणबाई. बाजाराला निघालोय."

"मग असे एकमेकांना धरून का?"

"थांबायला जागाच ठेवली नाही तुम्ही. सुटं गेलं की पोरं हरवतात."

तेवढ्यात सशांना कळलं, की साप नाही. ते पुन्हा पळू लागले. एक ससा मोराच्या पिसाऱ्यावरून गेला, दुसरा गेला, दोन पिसं तुटून उडाली. मोराने उडायचा प्रयत्न केला. उडायला आधी थोडं धावावं लागतं, आणि त्या फरशीवर त्याचा एकही पाय ठरेना. तिथला गुळगुळीतपणा त्याने स्वतः पसंत केलेला होता.

"मुकादम!" त्याने हाक मारली. सरड्याने खांबावरून मान हलवली.

सुगंधाने पुन्हा धोंडबाचं शेपूट पकडायच्या आधी मागे तोंड करून मोराला सांगितलं, "अहो, पुढच्याला धरा की. लाज कसली त्यात?"

"आम्ही?"

खेकडीणबाईने नांगी मागे केली. "मी चिमटा काढत नाही. मोठ्या माणसांना तर नाहीच."

मोराने इकडेतिकडे बघितलं, मान खाली घातली आणि नांगी चोचीत धरली. धोंडबाने पाऊल टाकलं. साप नाही हे विसरून ससे पुन्हा थबकले, कारण एवढा मोठा साप त्यांनी ऐकलाही नव्हता.

रांग संपत होती तिथे मोराचा पिसारा फरशीवर लांबच लांब पसरून हळूहळू सरकत होता. काठावर अजून कितीतरी जण उभे होते, मुंगळे, गोगलगायी, एक लंगडी टिटवी. त्या पिसाऱ्याला आजवर कुणी हात लावलेला नव्हता. आधी एका शेणकिड्याने पुढे येऊन भीत भीत एका पिसाचं टोक धरलं. मोराला ओढ जाणवली. त्याने मागे बघितलं नाही, फक्त पाऊल थोडं आखडतं घेतलं. मग टिटवीने दुसरं पीस धरलं, गोगलगायीने तिसरं.

पुढच्यांत तोंड मोकळं होतं ते एकट्या धोंडबाचं. तो पुढून काहीतरी म्हणाला, ते भिकाजीने खेकडीणबाईला सांगितलं, तिने शेणकिड्याला, आणि शेणकिडा आता काठाकडे तोंड करून ओरडत होता:

"पिसं अजून पुष्कळ मोकळी आहेत! या, धरा! आणि मागे जे उभे आहेत, त्यांनाही सांगा!"