धवळ्याच्या अंगावरची काळी जागा

कासवाड बेटाकडे होडी वळली की आधी दिसतो तो धवळा. बेटात शिरायच्या वाटेशी समुद्रात उभा असलेला, चुन्याने पांढरा केलेला हा खडक. त्याच्या मधोमध चुना न लावलेली एक काळी जागा आहे, हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसाच्या आकाराची. येणारा प्रत्येक पाहुणा तिच्याकडे बोट दाखवून विचारतो, चुना कमी पडला का? मागे एका गृहस्थांनी तर पुढच्या खेपेला रंगाचा डबा घेऊन येतो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, घेऊन या, घरांना उपयोगी पडेल. धवळ्याला हात लावायचा नाही.

बसा इथे, उंडीच्या सावलीला. हे झाडही गोष्टीतलंच आहे, म्हणजे त्याचं पणजोबा झाड. मी काही जन्माने इथली नाही. सून म्हणून आले आणि ही हकिकत सासूबाईंच्या तोंडून ऐकली. तिच्यात एक बाई आहे, आवडू नावाची. ती आमच्या घराण्यातली होती असं सासूबाई म्हणायच्या. इथल्या प्रत्येक घरातली सासू तेच म्हणते, तेव्हा ते सोडून द्या.

बेटाभोवती पाण्याखाली खडप आहे, म्हणजे खडकांची रांग. दात लपवून बसलेलं. आत यायला वाट एकच, तिला आम्ही नाळ म्हणतो. समुद्रावरून येताना टेकडीवरची उंडी आणि खालचा पांढरा धवळा एका रेघेत आले की समजायचं, नाळ समोर आहे, सरळ घाला होडी. रेघ चुकली की होडी फुटली. म्हणून पावसाचा जोर सरला की नारळी पौर्णिमेला धवळ्याला शिंपल्यांचा चुना फासायचा, ही रीत फार जुनी. काळी जागा मात्र त्यानंतरची.

शिडाच्या गलबतांचा तो काळ. कासवाडवर तेव्हा एकाच आडनावाची माणसं, सगळी एकमेकांची भाऊबंद. बाहेरचं माणूस म्हणजे फार तर समोरच्या किनाऱ्यावरून आलेली सून, आणि तिलाही दोन मुलं होईपर्यंत परकीच धरत. गलबतांतून लुटारू येतात आणि माणसं धरून नेतात, अशा गोष्टी ऐकून ही माणसं भ्यालेली. भ्यालेल्या माणसाला कान मोठे असतात आणि डोळे बारीक.

तर एके वर्षी, पाऊस ओसरता ओसरता, एक परमुलखातलं गलबत लांब कुठे तरी बुडालं. त्यातला एकच माणूस वाहत इथल्या वाळूवर येऊन पडला, म्हणे. कालवं काढायला गेलेल्या बायकांनी त्याला पाहिला आणि टोपल्या टाकून पळत सुटल्या. उंच, धिप्पाड, दाट कुरळ्या केसांचा आणि रंगाने कोळशासारखा काळा. अंगाला शिडाचा एक फाटका पांढरा तुकडा गुंडाळलेला, बाकी काही नाही. त्याची भाषा कुणाला कळेना, त्याला इथली कळेना.

आता आमची माणसं काय गोरीपान होती? सगळा जन्म उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात गेलेली. पण त्यांनी त्याचा रंग पाहिला आणि स्वतःचा विसरून गेली.

बेटाचा प्रमुख बाबल तांडेल. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "समुद्रान टाकलेल्याक मारूचा नाय. पण गावात घेवचाही नाय." हाच निवाडा झाला. त्या माणसाला धवळ्याच्या पायथ्याच्या कपारीत नेऊन ठेवला. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. भरतीला मधली वाट बुडते. विहिरीकडे फिरकायचं नाही असं त्याला काठ्या दाखवून समजावलं. रोज फुटक्या मडक्यातून पाणी आणि उरलेली भाकरी द्यायची, तेवढंच. हे काम आलं तांडेलाच्या सुनेकडे. तीच ही आवडू. ती मडकं लांब ठेवायची आणि मागे न बघता परतायची. भीती तिलाही होतीच, कशाला खोटं सांगू?

पुढे बेटावर जे जे वाईट झालं ते त्याच्या नावावर जमा झालं. कुणाचं जाळं फाटलं, त्याने नजर लावली. कुणाच्या पोराला ताप आला, त्याचा वारा लागला. कोंबडी दिसेनाशी झाली की तीही त्यानेच खाल्ली, मग भले ती दुसऱ्या दिवशी पिल्लं घेऊन परत येवो. रडणाऱ्या पोरांना त्याची भीती घालू लागले. तो बिचारा दिवसभर खडकावर बसून समुद्राकडे बघत असायचा. होड्या बाहेर जाताना बघायचा, उंडी आणि धवळा धरून आत येताना बघायचा. लोक म्हणत, आमच्या वाटा शिकून घेतोय. आपल्या लोकांना खुणा करतोय.

एके सकाळी फार लांब एक अनोळखी शीड दिसलं. आलं तसं निघूनही गेलं. पण बेटाचा धीर सुटला. तो काळा बसला होता त्याच दिशेला ते शीड होतं, म्हणे, दुसरा पुरावा कशाला हवा? संध्याकाळपर्यंत बाबल तांडेलाने ठरवून टाकलं की धवळा काळा करायचा. पांढरी खूणच नसली तर परक्यांच्या गलबतांना नाळ सापडणार कशी?

ही चूक दुसरं कुणी करणार नाही. ती आमच्यासारख्या नाळेवर जगणाऱ्यांनीच करावी.

कारण त्या वेळी बेटाच्या होड्या खोल समुद्रात मासेमारीला गेलेल्या होत्या. त्यांतली एक तांडेलाच्या जिवा नावाच्या मुलाची. आवडूचा नवरा तो. तिने सासऱ्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं, त्या दिवशी उघडलं. म्हणाली, "मामंजी, आमची माणसा भायर आसत. ती खुणेशिवाय कशी येतली?"

तांडेल तिच्याकडे न बघता म्हणाला, "आमचे झील ह्याच दर्यात जन्माक इले. तेंका खूण कित्याक व्हयी?" झील म्हणजे मुलगे; त्यांना खूण कशाला लागते, असं त्याचं म्हणणं.

होड्यांना लावतात ते मुशीचं तेल काढलं, त्यात कोळशाची पूड कालवली आणि पुरुषांनी धवळा वरपासून खालपर्यंत काळा केला. पावसाने धुऊन जाऊ नये म्हणून दोनदा फासला. तो माणूस कपारीतून बाहेर आला आणि हातवारे करून काही सांगू लागला. उंडीकडे बोट करी, खडकाकडे करी, समुद्राकडे करी. कुणीतरी मडक्यात उरलेलं काळं तेल त्याच्या डोक्यावर ओतलं आणि म्हणाला, "हेका काय फरक पडतलो?" सगळे हसले. आवडू हसली की नाही हे सांगत नाहीत. मला वाटतं, नसेल हसली. पण गप्प राहिली, हे नक्की.

मग हस्ताचा पाऊस फिरला. दुपारीच अंधारून आलं, वारा दक्षिणेकडून उठला आणि समुद्र खवळला. होड्या घराकडे वळल्या असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बेटावरची सगळी माणसं टेकडीवर इथेच येऊन उभी राहिली. पावसाच्या पडद्यातून पहिली होडी दिसली. ती नाळ शोधत डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खडपावर आदळली. फळ्या फुटलेल्या वरून दिसल्या. माणसं लाटांबरोबर किनाऱ्याकडे फेकली गेली. जी हाती लागली ती ओढून काढली. एक मात्र लागला नाही.

तांडेल ओरडला, "चुनो हाडा! चुनो!" लोक भट्टीकडे धावले, मडकी भरून आणली, धवळ्यावर चुना फेकला. पण तेलावर चुना धरतो का कधी? पावसाबरोबर तो घळाघळा खाली आला आणि खडक होता तसा काळाच राहिला. भरती चढत होती. मधली वाट बुडू लागली तसे पुरुष मागे फिरले. लांबवर दुसरी होडी दिसली. तिच्या सुकाणूवर जिवा होता, आणि तोही तसाच खूण शोधत होता.

तेव्हा आवडू पाण्यात शिरली. ती कशासाठी गेली हे तिलाही सांगता आलं नसतं. कमरेएवढ्या पाण्यातून ती धवळ्याशी पोचली तर तो माणूस अगोदरच खडकावर चढला होता. अंगावरचं शीड त्याने सोडलं होतं आणि पाठ खडकाला टेकून, तेल न लागलेली बाजू बाहेर करून ते दोन्ही हातांनी पसरायला बघत होता. वारा ते हातातून हिसकावून घेत होता. त्याने आवडूकडे पाहिलं आणि आपली मनगटं पुढे केली. तिला समजलं. ज्याच्यापुढे ती मडकं लांब ठेवायची, त्याच्या मनगटांना तिने शिडाची टोकं करकचून बांधली. खालची टोकं त्याने पायांखाली दाबली. ती तिथेच थांबू पाहत होती, तर त्याने मानेने किनाऱ्याकडे खूण केली, जा. वाट बुडत होती. ती गेली.

समुद्रावरून जिवाने काळ्या खडकावर पांढरा ठिपका पाहिला, म्हणे. उंडीच्या बरोबर खाली. त्याने होडी रेघेत घातली आणि ती नाळेतून आत आली. तिच्यामागोमाग उरलेल्या होड्याही आल्या. प्रत्येक होडी आत येताना लाटा त्या माणसाच्या छातीवर फुटत होत्या आणि शीड खाली येत नव्हतं. शेवटची होडी आत आली तेव्हा बाबल तांडेल स्वतः कमरेला दोर बांधून त्याला आणायला निघाला. एवढा मोठा तांडेल, लहान पोरासारखा रडत होता असं सांगतात. तो अर्ध्या वाटेत असताना मोठी लाट आली. ती ओसरली तेव्हा खडकावर कुणी नव्हतं.

तो सापडलाच नाही. काही जण सांगतात की त्याच्या लोकांच्या गलबताने त्याला उचलला आणि तो घरी पोचला. सांगू देत. माणसांना आपल्या मनाची समजूत घालावी लागते.

त्या संध्याकाळी ओल्या अंगाने सगळे तांडेलाच्या अंगणात बसले होते. कुणाच्या घरचा बाप परत आला होता, कुणाचा मुलगा. समुद्राने नेलेल्याला नावाने हाक मारून शेवटचा निरोप द्यायची आमची रीत आहे. तांडेल उठला, समुद्राकडे तोंड केलं, आणि त्याला हाक मारता येईना. त्याने वळून विचारलं, "तेचा नाव काय हुता?" कुणालाच माहीत नव्हतं. इतके दिवस तो त्यांच्या दारात राहिला, आणि नाव कुणी विचारलंच नव्हतं. आवडूनेही नाही. ती म्हणे त्यानंतर आयुष्यभर अधूनमधून तेवढंच बोलायची, की मडकं ठेवताना एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

पुढे ऊन पडल्यावर लोकांनी धवळा घासून तेल काढलं आणि चुना कालवला. त्याची पाठ जिथे टेकली होती तिथे चुना धरेना, असं काही जण सांगतात. माझ्या सासूबाईंनी सांगितलं ते वेगळं, आणि मला तेच खरं वाटतं. आवडू जाऊन त्या जागी पाठ टेकून, हात पसरून उभी राहिली. म्हणाली, "हयसर चुनो लावचो आसलो, तर माझ्या आंगावरसून लावा." तांडेलाने कुंचा उचलला आणि तिच्याभोवतीने चुना फासला. ती बाजूला झाली तेव्हा तिच्या आकाराची काळी जागा उरली होती.

आजही नारळी पौर्णिमेला तसंच करतात. बेटावर सगळ्यात नवं आलेलं माणूस त्या जागी हात पसरून उभं राहतं. तांडेल सगळ्यांसमोर विचारतो, "तुझा नाव काय? मोठ्यान सांग, दर्याक आयकू येऊ दे." ते माणूस नाव सांगतं, सगळं बेट ते नाव एका आवाजात उच्चारतं, आणि मगच चुन्याला हात लागतो. म्हणून ती जागा दर वर्षी बदलते, कधी ठेंगणी, कधी रुंद. नवी नवरी असताना मी उभी राहिले होते. पाठीला खडक गार लागत होता, आणि ज्या माणसांची मला भीती वाटत होती ती सगळी माझं नाव घेत होती. त्या दिवशी मी इथली झाले.

पण आमची खोड गेली असं समजू नका. औंदा नवी सून कुणाच्या घरात आली नाही. नवा होता तो होडीवरचा नेपाळी खलाशी, गेल्या हंगामात आलेला. सकाळी सगळे जमले आणि कुजबूज सुरू झाली. तो काय इथे राहणार आहे का? आज आहे, उद्या जाईल. त्याचा चेहरा बघा, तो कुठे आपला? चुना मडक्यांत घट्ट होत चालला तरी कुणी हलेना. मला राग आवरेना. मी म्हटलं, तेलाची मडकी आणू का? काळं करायची हौस उरली असेल तर एकदा भागवून घ्या. मग लोकांनी वाट दिली. तो पोरगा खडकावर चढला, त्याने हात पसरले, आणि सगळ्या बेटाने त्याचं नाव घेतलं. सुरुवातीला हळू घेतलं, पण घेतलं.

तुम्हाला दिसते ती काळी जागा त्याची आहे. आज सकाळी होडी हलत होती तेव्हा ज्याचा हात धरून तुम्ही सगळे एकेक करून खाली उतरलात ना, तोच तो. त्याचं नाव विचारलंत का कुणी?

मी सांगणार नाही. परत जाताना त्याचाच हात धरून चढायचं आहे, तेव्हा विचारा.