आबासाहेबांचे कान

एका नगरपालिकेने स्वमग्न मुलांना आपलं म्हणण्यासाठी सोहळा ठेवला आणि त्यांच्या स्वागताला ढोल-ताशे बोलावले. स्वागत म्हटलं की ढोल हवाच, एवढंच त्या गावाला ठाऊक. सत्कार होता शाल्मलीचा. ती स्वतः स्वमग्न; झाडांची चित्रं काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ढोल थांबेपर्यंत ती कान झाकून मंडपाबाहेर उभी राहिली.

मंचावर आल्यावर तिने शाल घेतली नाही. म्हणाली, "त्यापेक्षा बागेतला गाण्यांचा भोंगा सकाळी तासभर बंद ठेवा. त्या आवाजात आम्हाला बागेत पाऊल टाकवत नाही."

नगराध्यक्ष आबासाहेबांनी हसत माईक हातात घेतला. "पोरी, चार जणांसाठी सगळं गाव बदलत नसतं. थोडी सवय लावून घ्यायची."

तेवढ्यात माईक कर्णकर्कश किंचाळला. आबासाहेबांनी दोन्ही कान गच्च दाबले. "अरे, बंद करा आधी ते." माणसं तारांकडे धावली, कार्यक्रम थांबला, सगळा मंडप खोळंबला.

शाल्मली सगळं टक लावून पाहत होती. माईक ताळ्यावर आल्यावर तिने विचारलं, "आबासाहेब, मला एक कळलं नाही. आत्ता तुमच्या एकट्याच्या कानांसाठी सगळं गाव थांबलं. तुम्हाला कुणी सवय लावून घ्या म्हणालं नाही. असं का?"

तिला खरंच उत्तर हवं होतं, म्हणून ती तशीच उभी राहिली.

आबासाहेबांनी माईककडे पाहिलं, तो बाजूला ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "बागेत किती वाजता येशील?"