तगर आणि घोड्याचा तोबरा

या गं पोरींनो, पाय पोटाशी घ्या. एका गडावर एक राजा होता. त्याला एकच लेक, तिचं नाव तगर.

तगरला पाळी सुरू झाली आणि राजाच्या बहिणीनं, आत्याबाईंनी, तिच्या ताटाला कात्री लावली. तीळ नको, गूळ नको, अंड्याचं तर नावच काढू नको. "उष्ण पडतं गं! वयात आलेल्या पोरीनं जिभेला आवर घालावा." पंगतीतही सगळ्यांच्या शेवटी बसायचं. तोवर उरायचं काय, तर पातळ पेज. आत्याबाईंना मात्र दोन्ही वेळा तूप, बरं का!

मग काय झालं? आधी तगरला घेरी यायला लागली. मग तिचे केस मूठमूठ गळू लागले. आणि मग पाळी यायचीच थांबली. पोर घाबरली. आपल्या अंगात काय बिघडलं, विचारायचं कुणाला?

आत्याबाई म्हणाल्या, "बाहेरची बाधा आहे." गंडा बांधला. भटजी म्हणाले, "सोमवार धरा." आधीच उपाशी पोर, आणि तिला उपास! राजा म्हणाला, "बायकांचं बायका बघतील," आणि शिकारीला गेला. केस पिकले म्हणून अक्कल पिकतेच असं नाही.

मग तगर तबेल्यात जाऊन रडली, रडता रडता सगळं बोलली. तिथं घोडा तोंडाशी टांगलेल्या तोबऱ्यातले चणे-गूळ खात होता. तो थांबला आणि चक्क माणसासारखा बोलला.

"मला पळवायचं, म्हणून मला हे घालतात. तुझं तर दर महिन्याला रक्त जायचं. तुला काय घालतात?"

"पेज."

"मग बाधा कसली, बये? ही भूक आहे. घे, खा."

तगरनं ओंजळ भरून खाल्लं. मग ती थेट शिकारीहून परतलेल्या राजाच्या पंगतीत, पहिल्या पाटावर जाऊन बसली.

"अगं, लाज सोडलीस का?" आत्याबाई किंचाळल्या.

"आबासाहेब," तगर म्हणाली, "तुमच्या घोड्याला चणे-गूळ आणि लेकीला पेज. माझी पाळी थांबलीय. तुम्ही सगळ्यांनी मिळून थांबवलीय."

राजाची मान खाली गेली. त्यानं आपलं ताट उचललं आणि लेकीपुढे ठेवलं.

मग रोज डाळ, भाकरी, पालेभाजी, तीळ, अंडं. लगेच नाही हं, बरेच महिने गेले. पण तगरची पाळी परत आली, आणि ती सुखानं नांदली. आत्याबाई अजून कुरकुरतात. कुरकुरू देत.

उद्या ताटात कमी पडलं तर मागायचं, लाजायचं नाही. आता मिटा डोळे.