भोंग्याची हौस

धरण नवंकोरं होतं तेव्हाची गोष्ट. धरणाच्या भिंतीवर एक भोंगा होता. पाणी सोडायची वेळ आली की तो ओरडायचा, आणि नदीच्या वाळूत कलिंगडं लावणारी माणसं पोरंबाळं उचलून टेकाडावर पळायची. देवळातल्या तुतारीचं उलटं होतं. जत्रेत ती वाजली की सगळं गाव पालखीला सामोरं जायला वाळूत उतरायचं.

"तुझ्याकडे धावत येतात आणि माझ्यापासून पळतात!" भोंगा एकदा चिडून म्हणाला. "यंदा मीच वाजणार."

"अरे बाबा, पळतात म्हणूनच जगतात," तुतारी म्हणाली.

पण गावालाही हौस आली. सरपंच यमाजीराव धरणाच्या चौकीदाराला म्हणाले, "तुमचा भोंगा पार वरच्या वाडीपर्यंत ऐकू जातो. पालखी निघाली की वाजवा."

भोंगा वाजला. लोक आधी दचकले, मग हसले आणि गुलाल उधळत वाळूत उतरले. भोंगा फुलून गेला. पुढे लग्नाच्या वरातींनाही तोच वाजू लागला. तुतारीच्या जिवाला मात्र घोर लागला.

एका दुपारी घाटात अवकाळी पाऊस कोसळला. धरणाचे दरवाजे उघडावे लागले. भोंगा ओरडू लागला.

वाळूत खुरपणाऱ्या सारजाबाईनं मान वर केली. "कुणाची तरी वरात आली गं," ती सुनेला म्हणाली. "पोराला आण, बघू दे त्याला." टेकाडावरची माणसंही टोप्या सारख्या करत खाली उतरू लागली.

भोंगा जिवाच्या आकांतानं ओरडत राहिला. तो जितका ओरडत होता, तितकी वाळूत गर्दी वाढत होती.